नाव, क्रमांक आणि निर्देश : अरण्याच्या एका दीर्घ संहितेविषयी

१

वनखात्याची कार्य आयोजना हा साहित्याच्या अभ्यासकाने सहसा हाती न घेतलेला ग्रंथप्रकार आहे. साधारणपणे दहा वर्षांच्या काळासाठी एका वनविभागाचे व्यवस्थापन कसे करावयाचे, हे ठरवून देणारा हा दस्तऐवज शेकडो पृष्ठांचा असतो. भूस्तर, पर्जन्य, वृक्षजाती, वणवे, पूर्वीच्या तोडीचा इतिहास, गावांचे हक्क आणि सवलती, पुढील तोडीचे वेळापत्रक, परिशिष्टे आणि नकाशे असा त्याचा ऐवज असतो. चंद्रपूर किंवा गडचिरोली जिल्ह्यातील एखाद्या वनविभागाची अशी आयोजना वाचावयास घेणारा वाचक पहिल्या काही पानांतच अडखळतो. अडखळण्याचे कारण भाषेची क्लिष्टता हे नव्हे. ही संहिता पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचताच येत नाही, हे ते कारण होय. प्रत्येक विधान वाचकाला अन्यत्र पाठवते. अमुक परिच्छेद पाहा, तमुक परिशिष्ट पाहा, या कक्षाचा इतिहास पाहा, असे सांगत ती स्वतःच्याच अंगावर उभी राहते. विधानांपेक्षा निर्देशांनी बांधलेली अशी ही रचना आहे.

या निर्देशांची व्यवस्था पाहिली, तर तिच्यामागे एक विचारपूर्वक घडवलेले चिन्हशास्त्र आढळते. भारतीय वनशास्त्राच्या परिभाषेत ‘ब्लॉक’ म्हणजे वनाचा मोठा, बहुधा नैसर्गिक सीमांनी बांधलेला भाग. त्याला स्थानिक विशेषनाम असावे असा संकेत आहे. ब्लॉकच्या आत ‘कक्ष’, म्हणजे बोलण्यातले ‘कंपार्टमेंट’, हे प्रशासन, वर्णन आणि नोंद यांसाठी कायमचे आखून दिलेले क्षेत्र असते, त्याला आकडा. कक्षाचे उपकक्ष पाडले, तर त्यांना लहान अक्षरे. आणि ‘कूप’, म्हणजे बहुधा वर्षागणिक तोडीस येणारे क्षेत्र, त्याला शक्यतो रोमन अंक. नाव, आकडा, अक्षर, रोमन अंक या चार प्रकारच्या खुणांमागे चार प्रकारची कालजाणीव आहे. नाव परंपरेने आलेले, आकडा कायमचा, अक्षर प्रसंगोपात्त आणि रोमन अंक क्रमाने येऊन जाणाऱ्या वर्षाचा. खूण पाहताक्षणी ती कोणत्या प्रकारच्या वस्तूकडे बोट दाखवते आणि ती वस्तू किती काळ टिकणार आहे, हे जाणकाराला कळावे अशी ही योजना आहे.

सागाच्या बुंध्यावर रंगवलेला कक्ष क्रमांक वाटसरूला काहीच सांगत नाही. आयोजनेच्या वाचकाला मात्र त्या आकड्यामागे एक चरित्र दिसू शकते. कक्षाचा इतिहास ही आयोजनेबाहेरही टिकणारी नोंद आहे. आयोजना बदलतात, अधिकारी बदलतात, परंतु अमुक क्रमांकाच्या कक्षात कोणत्या वर्षी तोड झाली, केव्हा लागवड झाली, कधी वणवा आला, हे त्या क्रमांकाखाली साठत जाते. या व्यवस्थेत क्रमांक हेच नाव होऊन बसते. असे असूनही तो खऱ्या अर्थाने नाव होऊ शकतो काय, हा प्रश्न उरतो. आणि हा प्रश्न केवळ वनशास्त्राचा नाही.

२

दीर्घ तांत्रिक दस्तऐवज सिद्ध करणाऱ्यांना हा प्रश्न फार पूर्वीपासून छळत आला आहे. प्रकरणे, परिच्छेद, आकृत्या, कोष्टके यांना क्रमांक द्यावयाचे आणि मजकुरात त्या क्रमांकांचा हवाला द्यावयाचा, ही रीत सोपी वाटते. परंतु लेखनाच्या ओघात मध्येच एक प्रकरण वाढले की पुढील सर्व क्रमांक सरकतात आणि दिलेले सर्व हवाले खोटे ठरतात. डोनाल्ड क्नुथ यांच्या ‘टेक’ या अक्षरजुळणी व्यवस्थेवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात ‘लाटेक’ उभारली, तेव्हा या अडचणीवर एक तोडगा त्यांनी दिला. लेखकाने भागाला क्रमांक द्यावयाचा नाही. केवळ एक खूण द्यावयाची, आणि हवाला देताना त्या खुणेचा उल्लेख करावयाचा. क्रमांक कोणता, हे यंत्र ठरवील. त्यासाठी यंत्र मजकुरावरून किमान दोनदा फिरते. पहिल्या फेरीत खुणा आणि त्यांचे क्रमांक यांची यादी होते, दुसऱ्या फेरीत हवाल्यांच्या जागी क्रमांक भरले जातात. एखाद्या खुणेचा पत्ता लागलाच नाही, तर त्या जागी दोन प्रश्नचिन्हे छापली जातात.

या व्यवस्थेत लेखकाला दिलेले एक व्यावहारिक शहाणपण फार बोलके आहे. खुणेचे नाव भागाच्या आशयावरून ठेवावे, स्थानावरून ठेवू नये. ‘पर्जन्यमान’ अशी खूण प्रकरण कोठेही हलवले तरी खरी राहते. ‘प्रकरण-तीन’ ही खूण ते प्रकरण चौथे झाले की यंत्राला चालते, परंतु माणसाची फसगत करते. स्थान हा वस्तूचा शेजाऱ्यांशी असलेला संबंध आहे. शेजारी बदलले की तो बदलतो. आशयावरून दिलेले नाव वस्तूबरोबर चालते. अर्थात, आशयही स्थिर नसतो. ‘पर्जन्यमान’ या प्रकरणात कालांतराने वाऱ्याचीही चर्चा आली, तर खूण पुन्हा अपुरी पडते. सर्वांत टिकाऊ खूण ती, जी काहीच सांगत नाही. परंतु तशी खूण लक्षात राहत नाही. टिकाऊपणा आणि स्मरणसुलभता यांचे हे वैर कोणत्याही निर्देशव्यवस्थेला चुकवता आलेले नाही.

भारतीय परंपरेला हे वैर अपरिचित नव्हते. पतंजलीने महाभाष्यात शब्दांची प्रवृत्ती चार प्रकारची मानली आहे : जाती, गुण, क्रिया आणि यदृच्छा. यदृच्छाशब्द म्हणजे ज्याच्या मागे कोणतेही निमित्त शोधावयाचे नाही, केवळ ठेवले म्हणून असलेले नाव. पाणिनीची ‘घु’ किंवा ‘टि’ यांसारखी संज्ञा अशीच आहे. ती आशय सांगत नाही, केवळ नियमांना परस्परांशी जोडते आणि नियम कोठेही असला तरी चालते. मात्र त्याच अष्टाध्यायीतील शेवटच्या तीन पादांचे नियम त्याआधीच्या नियमांच्या दृष्टीने असिद्ध मानावयाचे, अशी व्यवस्था आहे, आणि ती सर्वस्वी स्थानावर अवलंबून आहे. एक सूत्र इकडचे तिकडे केले, तर शास्त्रच बिघडेल. म्हणजे स्थाननिरपेक्ष खूण आणि स्थानबद्ध निर्देश या दोन्ही तऱ्हा एकाच ग्रंथात शेजारीशेजारी नांदतात. पाणिनीने एकीला शहाणी आणि दुसरीला अडाणी ठरवलेले नाही. कोठे कोणती चालेल, एवढेच त्याने पाहिले आहे.

मराठीच्या अभ्यासकाला तर हा अनुभव रोजचा आहे. तुकारामाच्या गाथेतील अभंगाचा क्रमांक आवृत्तीगणिक बदलतो. १८६९ ते १८७३ या काळात इंदुप्रकाश छापखान्यातून निघालेली आवृत्ती, शासनाची १९५० ची गाथा आणि फडांच्या परंपरेतील संहिता यांतील क्रमांक एकमेकांशी जुळतीलच असे नाही. त्यामुळे आवृत्तीचा उल्लेख न करता दिलेला अभंग क्रमांक हा निर्देशच नव्हे. वारकरी मात्र अभंग पहिल्या चरणाने ओळखतो. त्याची खूण संहितेतूनच उचललेली आहे आणि ती आवृत्तीवर विसंबत नाही. लीळाचरित्राचेही तेच. शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते यांच्या संपादनांत लीळांचे क्रमांक भिन्न होऊ शकतात, कारण मुळात पाठपरंपराच भिन्न आहेत; लीळेला असलेले नाव अभ्यासकाला वाट दाखवते. पुण्यातील भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाल्यानंतर जुन्या श्लोकांकांनी दिलेले शेकडो हवाले वाचताना मध्ये एक तुलनात्मक सूची ठेवावी लागते. ही सूची कोणी ग्रंथ म्हणून वाचत नाही. तरीही ती नसेल, तर दोन पिढ्यांतील विद्वत्तेचा संवाद तुटतो.

३

कार्य आयोजनेतील क्रमांकांच्या जाळ्याभोवती गावांच्या नावांचे दुसरे जाळे आहे, आणि तेही वाटते तितके निरागस नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील एक गाव ‘मेंढा (लेखा)’ असे लिहिले जाते. मेंढा नावाची गावे अनेक. म्हणून शेजारच्या लेखा या गावाचे नाव कंसात घेऊन त्याची ओळख पक्की करावयाची. हा कंस म्हणजे गावाच्या नावात कायमचा जाऊन बसलेला परस्परनिर्देश आहे. त्याच पट्ट्यात चक, माल, रीठ, तुकूम, मोकासा अशी पदे गावांच्या नावांना चिकटलेली दिसतात. रीठ म्हणजे उजाड झालेले गाव. तेथे वस्ती नाही, परंतु महसुली दप्तरात ते गाव आहे. निर्देश शिल्लक आहे, निर्दिष्ट उठून गेले आहे. ‘कुनघाडा (रै.)’ यातील कंसात रयतवारीचा संक्षेप आहे. जी महसूलव्यवस्था केव्हाच संपली, तिची खूण गावाच्या पाटीवर आजही उभी आहे, आणि गावातल्या मुलाला ती आपल्या गावाच्या नावाचाच एक भाग वाटते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण तलावांचे आहे. पूर्व विदर्भातील मालगुजारांनी किंवा त्यांच्या काळात बांधले गेलेले तलाव मालगुजारी संपल्यावर दप्तरात ‘माजी मालगुजारी तलाव’ झाले. कारकुनी घाईत त्याचे ‘मामा तलाव’ झाले. आता हा शब्द शासकीय कागदांत, वर्तमानपत्रांत आणि बोलण्यात सर्रास येतो, आणि त्याचा मूळ विस्तार ठाऊक नसलेल्याला त्यात नात्याची ऊब जाणवते. संक्षेप झाला, संक्षेपाचे नाव झाले आणि नावाला नवा अर्थ फुटला. पतंजलीच्या वर्गीकरणाने पाहिले, तर निमित्त असलेला शब्द यदृच्छेकडे सरकला आणि तेथून त्याने दुसरेच निमित्त पैदा केले. दप्तराची भाषा निर्जीव असते हा समज येथे टिकत नाही.

जिल्ह्याच्या नावाचाही इतिहास असाच आहे. चांदा जिल्ह्याचे नाव १९६४ मध्ये चंद्रपूर झाले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तथापि, वनखात्याच्या दप्तरात ‘मध्य चांदा’ हे वनविभागाचे नाव टिकून राहिले. ज्याचा मध्य सांगावयाचा ते चांदा नकाशावर उरले नाही, परंतु त्या नावाखाली साठलेल्या आयोजना आणि कक्षांचे इतिहास यांना जोडणारा धागा तुटू नये यासाठी जुने नाव उपयोगी पडते. ताडोब्यातील वाघांना दुहेरी खुणा आहेत : दप्तरात ‘टी-१२’, वाटाड्यांच्या आणि पर्यटकांच्या तोंडी ‘माया’. पहिलीमुळे नोंद जुळते, दुसरीमुळे गोष्ट सांगता येते. दोहोंपैकी एक खरी आणि दुसरी खोटी असा येथे प्रकार नाही. वस्तू एक आणि वाचक दोन, एवढेच.

४

निर्देशातील लहानशी संदिग्धता किती दूर पोहोचते, हे पाहावयाचे तर २००६ च्या वनहक्क कायद्याकडे वळावे लागते. अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी यांचे हक्क मान्य करणारा हा कायदा ३१ डिसेंबर २००७ पासून अमलात आला. त्याच्या कलम ३ च्या पोटकलम (१) मध्ये हक्कांची यादी आहे, आणि तिच्यातील बाबींना इंग्रजी संहितेत लहान अक्षरांच्या खुणा आहेत. यादी पहिल्या अक्षरापासून तेराव्या अक्षरापर्यंत जाते. सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनरुज्जीवन, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क, म्हणजे गावाच्या दृष्टीने या यादीचा कळसच, नवव्या बाबीत आला आहे. इंग्रजीचे नववे अक्षर ‘आय’. दुर्दैवाने लहान ‘आय’ ही रोमन एकाचीही खूण आहे. त्यामुळे कंसातील ती खूण एकटी पाहणारा वाचक तिला सहज ‘एक’ समजतो, आणि यादीचा नववा हक्क पहिला हक्क होऊन बसतो. मागेपुढे ‘एच’ आणि ‘जे’ दिसत असतील, तर ही चूक होत नाही. सोस्यूरने सांगितलेले चिन्हाचे मूल्य, म्हणजे चिन्हाला अर्थ त्याच्या शेजाऱ्यांपासून असलेल्या भेदामुळे येतो हे तत्त्व, इतक्या उघड्या स्वरूपात क्वचितच पाहावयास मिळते. निर्देश मात्र नेहमी शेजारी मागे सोडूनच प्रवास करतो.

मराठीत येताना ही खूण आणखी एका चकव्यात सापडते. कायद्यांच्या देवनागरी भाषांतरांत इंग्रजी अक्षरांच्या जागी क, ख, ग, घ, ङ, च, छ, ज, झ हा व्यंजनक्रम घेण्याची रीत आहे. या क्रमाने नववी बाब ‘झ’ होते. परंतु मराठी लेखनात ‘ङ’ सुटे अक्षर म्हणून येत नसल्यामुळे यादी करणारा पुष्कळदा ते गाळतो. ते गाळले, की ‘झ’ आठवे होते, आणि आठवी बाब वनगावांचे महसुली गावांत रूपांतर करण्याविषयीची आहे. म्हणजे एका अनुनासिकाच्या असण्यानसण्यावर कोणता हक्क मागितला जात आहे हे अवलंबून राहते. याशिवाय मराठी माणसाच्या हाताला शाळेपासून वळण असते ते अ, ब, क, ड या क्रमाचे. तो देवनागरी वेशातला इंग्रजी क्रम होय. त्यात ‘क’ तिसरा, व्यंजनक्रमात ‘क’ पहिला. याच कायद्याच्या नियमांत वैयक्तिक दावा, सामूहिक हक्कांचा दावा आणि २०१२ च्या दुरुस्तीने आलेला सामूहिक वनसंपत्तीचा दावा यांचे तीन वेगळे नमुने आहेत. ‘नमुना क’ एवढेच लिहिले, तर एका क्रमाने तो एका कुटुंबाचा जमिनीवरचा दावा ठरतो आणि दुसऱ्या क्रमाने संपूर्ण गावाचा अरण्यावरचा. आणि अ-ब-क-डचा क्रम ‘ड’ च्या पुढे फार काळ टिकत नाही. नवव्या बाबीपर्यंत पोहोचण्याआधीच तो स्वरांच्या आणि व्यंजनांच्या गर्दीत विरून जातो.

या ठिकाणी लाटेकची दोन प्रश्नचिन्हे आठवतात. तेथे हरवलेला निर्देश स्वतःचे हरवलेपण छापून दाखवतो. दप्तरातील निर्देश तसे करीत नाही. तो हरवला तरी व्यवस्थित, अक्षर आणि आकडा यांसह, कोठे तरी बोट दाखवीत उभा राहतो. चुकलेला निर्देश आणि बरोबर निर्देश दिसावयास सारखेच असतात, हाच त्यातील खरा धोका आहे.

याउलट, त्याच कायद्याच्या दुसऱ्या बाबीत नावाच्या प्रश्नाला फार समंजसपणे उत्तर दिलेले आहे. निस्तारासारखे सामूहिक हक्क मान्य करताना, ते कोणत्याही नावाने ओळखले जात असोत, अशी पुस्ती तेथे जोडली आहे, आणि त्यात पूर्वीची संस्थाने, जमीनदारी आणि तत्सम मध्यस्थ व्यवस्था यांतील हक्कांचाही समावेश केला आहे. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नेही राखलेल्या जुन्या नोंदी ज्या प्रदेशात आहेत, तेथे या पुस्तीचा अर्थ मोठा आहे. नाव बदलले म्हणून हक्क बदलत नाही, असे विधिसंहितेने मान्य करणे म्हणजे निर्देशापेक्षा निर्दिष्टाला मान देणे होय.

५

परंतु नावच निर्दिष्टाला घडवते, अशीही वेळ येते. पूर्व विदर्भातील नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ‘झुडपी जंगल’ अशी महसुली नोंद असलेली जमीन ८६,४०९ हेक्टर आहे. नोंद झाली तेव्हा या शब्दांनी जमिनीवरचे एक दृश्य सांगितले होते : खुरटी झाडी, गुरांच्या चराईची पडीक जागा. पुढे त्यातील काही जमिनीवर घरे झाली, शाळा झाल्या, कचेऱ्या उभ्या राहिल्या. नोंद मात्र तीच राहिली. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात ‘वन’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशानुसार घ्यावा आणि शासकीय दप्तरात वन म्हणून नोंदलेले कोणतेही क्षेत्र, मालकी कोणाचीही असो, त्यात धरावे असा आदेश दिला, तेव्हा या जुन्या नोंदीला नवे वजन आले. २२ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने झुडपी जंगल जमिनी वन मानल्या जातील असा निर्णय देताना १९९६ च्या त्या तारखेपूर्वी वाटप झालेल्या जमिनींसाठी वेगळी वाट ठेवली.

साहित्यविचाराच्या दृष्टीने येथे दोन वाचने समोरासमोर येतात. एका वाचनात ‘झुडपी जंगल’ हे वर्णन आहे. वर्णन जुने झाले तर ते बदलावे. दुसऱ्या वाचनात तो निर्देश आहे. त्याच्यावर विसंबून इतर अनेक निर्देश उभे राहिल्यामुळे तो एकट्याने बदलता येत नाही. सॉल क्रिप्के यांनी १९७० च्या व्याख्यानांत नाव आणि वर्णन यांतील जो भेद मांडला, तो विद्यापीठीय चर्चेत तर्काचा वाटतो. चंद्रपूरच्या एखाद्या वस्तीत तो घराच्या पायाखालच्या जमिनीचा भेद आहे. जी नोंद वर्णन म्हणून लिहिली गेली, ती नाव म्हणून वाचली गेली, आणि वाचनाच्या या एका पालटाने जमिनीचे विधिस्वरूप ठरले.

६

मेंढा (लेखा) या सुमारे शंभर घरांच्या गोंड गावाकडे परत यावयाचे ते यासाठी. ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचे राज्य, या घोषणेमुळे आणि मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ (२०१२) या पुस्तकामुळे हे गाव मराठी वाचकाला परिचित आहे. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क या गावाला मिळाला. देशात असा हक्क प्रथम मिळवणाऱ्या गावांत त्याची गणना होते. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. या घटनेची राजकीय बाजू पुष्कळ लिहिली गेली आहे. तिची वाचनाची बाजू तितकी पाहिली गेलेली नाही.

या गावाने निर्णयासाठी ग्रामसभा आणि समजून घेण्यासाठी अभ्यासगट अशी विभागणी केली. अभ्यासगटात कायदे, नियम आणि शासकीय कागद वाचले गेले, त्यांवर चर्चा झाली. ज्या वस्तीची घरातली भाषा गोंडी, शाळेची भाषा मराठी आणि कायद्याची मूळ संहिता इंग्रजीत, तेथे कलमाची खूण नेमकी कोणत्या बाबीकडे जाते हे पाहणे म्हणजे तीन लिपिक्रमांतून वाट काढणे होय. विद्यापीठात ज्याला संहितानिष्ठ वाचन म्हणतात, ते येथे बांबूच्या आणि पाण्याच्या हक्कासाठी झाले. त्यात सावधपणाची गरज विद्यापीठापेक्षा कमी नव्हती. चुकीचे वाचन तेथे एक निबंध बिघडवते; येथे गावाची सीमा.

हक्काच्या दाव्यासाठी नियमांनी मान्य केलेला पुरावा दोन प्रकारच्या खुणांचा आहे. एकीकडे गॅझेटियर, जनगणना, भूमापन, कार्य आयोजना असे दप्तर. दुसरीकडे वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदन, पवित्र झाडे, देवराया, तळी, दफनाच्या आणि दहनाच्या जागा. हक्काच्या मान्यतापत्राच्या नमुन्यात तर प्रथेची सीमा, ठळक खुणा आणि खसरा किंवा कक्ष क्रमांक यांना जवळजवळ एकाच ओळीत जागा दिली आहे. ती ओळ भरणे म्हणजे दोन निर्देशव्यवस्थांचा सांधा जुळवणे. गावाच्या स्मरणात अरण्य नाल्यांनी, टेकड्यांनी, झाडांनी आणि तेथे घडलेल्या गोष्टींनी विभागलेले असते. कोणत्या टेकडीवरून कोणाची हद्द सुरू होते, हे चालत जाऊन दाखवावयाचे असते. आयोजनेत तेच अरण्य आकड्यांनी विभागलेले असते आणि ते नकाशा पसरून पाहावयाचे असते. एक टेकडी दोन कक्षांत विभागली गेलेली असू शकते; एका कक्षावर दोन गावांच्या आठवणी असू शकतात. तेथे समीकरण सरळ बसत नाही. ओळीत फक्त क्रमांक भरले, तर गावाची स्मृती हक्काबाहेर राहते; फक्त नावे भरली, तर वनखात्याच्या दप्तराला तो हक्क दिसतच नाही.

२०१२ च्या दुरुस्तीने या सांध्याला आणखी एक वळण दिले. सामूहिक वनसंपत्तीसाठी ग्रामसभेच्या समितीने संवर्धन आणि व्यवस्थापनाचा आराखडा करावयाचा, आणि समितीला आवश्यक वाटतील त्या फेरफारांसह तो वनखात्याच्या सूक्ष्म आराखड्यांशी, कार्य आयोजनेशी किंवा व्यवस्थापन योजनेशी जोडावयाचा, असे नियम सांगतो. म्हणजे शेकडो पृष्ठांच्या एका जुन्या संहितेसमोर गावाने लिहिलेली एक लहान संहिता उभी राहिली, आणि दोघींनी एकमेकींचे हवाले द्यावेत अशी अपेक्षा आहे. हवाला एकतर्फी असेल, तर लहान संहिता मोठीचे परिशिष्ट होऊन जाईल. आयोजनेच्या कक्ष-इतिहासात गावाने दिलेले नाव आणि गावाच्या आराखड्यात कक्षाचा क्रमांक, दोन्ही येतील, तेव्हाच कोणत्याही बाजूने निघालेला वाचक त्याच झाडापाशी पोहोचेल.

नाव श्रेष्ठ आणि क्रमांक कनिष्ठ, असा निष्कर्ष यातून काढण्याचा मोह होतो, आणि गेल्या काही दशकांतील सांस्कृतिक चर्चेने तो वाढवलाही आहे. परंतु मेंढ्याने क्रमांक नाकारले नाहीत. ते वाचावयास घेतले. क्रमांक दुष्ट नसतो, तो फक्त आपल्या आवृत्तीपुरता खरा असतो. नावही निष्पाप नसते. ‘झुडपी जंगल’ हे नावच होते. निर्देश म्हणजे पुढच्या वाचकाला दिलेले एक वचन आहे : येथून गेलास, तर ती वस्तू तेथे सापडेल. ते वचन पाळावयाचे, तर कोणत्या आवृत्तीतील क्रमांक, कोणत्या क्रमातील अक्षर आणि कोणाच्या तोंडचे नाव, हे निर्देशाबरोबर लिहावे लागते. गाथेच्या संपादकाला हे ठाऊक असते, म्हणून तो पुस्तकाच्या शेवटी अभंगांच्या आद्य चरणांची सूची देतो. अरण्याच्या संहितेला अशी सूची, म्हणजे एका रकान्यात कक्ष आणि दुसऱ्या रकान्यात गावाच्या तोंडी असलेले नाव, गावोगावी करता येण्यासारखी आहे. मात्र ती ज्यांना चालत जाऊन दाखवता येते ती पिढी वयाने वाढत चालली आहे, आणि कक्षाचा आकडा ज्या झाडावर रंगवलेला आहे, त्याची साल दर पावसाळ्यात थोडी थोडी सुटत असते.